उजवा काठ

फोटो आधी पाहिला तो मीच,
बांबोळीच्या त्या लांबलचक व्हरांड्यात, खिडकीकडे धरून.
डाव्या हाताला गाठ, ओल्या सुपारीएवढी.
वर चार-पाच ठिपके,
जेटीच्या पाण्यावर तेल तरंगतं तसे.
शेजारी बसलेल्या बस्त्यांवला म्हटलं,
"माझी पण डावीकडचीच."
तो हसला, जोडीदार मिळाला म्हणून.

आत डॉक्टर सातार्डेकर बाईंनी फोटो घेतला.
"समोरून बघायचा असतो, मास्तर.
माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे असं समजा.
त्याचं उजवं तुमच्या डाव्या हाताला येतं."

एकतीस वर्षं मी रायबंदर–चोडण फेरी चालवली.
मला उजवं-डावं शिकवू नका,
असं म्हणणार होतो.
म्हटलं नाही.

केसपेपरच्या पाठीवर त्यांनी आतडं काढलं:
उजव्या कुशीतून वर चढणारं,
बरगड्यांखाली आडवं होऊन
डाव्या कुशीत उतरणारं.
उजवीकडे ऐसपैस. आतलं सगळं पातळ.
गाठ वाढते, वाट अडत नाही,
रक्त थेंबाथेंबानं जातं,
माणूस दमतो आणि म्हणतो, वय झालं.
डावीकडे अरुंद. तिथे लगेच बोंब.

हे मला ठाऊक होतं की.
पात्र रुंद असतं तिथेच बोट हळूच गाळावर चढते,
आणि उतारू मोबाइल बघत बसलेले.

"पण उशीर एवढंच कारण नाही," बाई म्हणाल्या.
आईच्या पोटात हे दोन भाग
निरनिराळ्या तुकड्यांतून घडतात.
रक्त वेगळ्या वाहिन्यांतून येतं.
पेशींचा स्वभावच वेगळा.
पसरल्यानंतर, सरासरीनं, उजवीकडच्यांना—
पेन टोपणात घातलं—
"वेळ कमी मिळतो."

शेवंतीनं विचारलं, सरासरी म्हणजे?
शंभर जण ओळीत उभे केले
तर मधल्याच्या वाट्याला जेवढे महिने आले, तेवढे.
"ओळ कुणी लावली?" शेवंती म्हणाली.
"आमच्या फेरीत कधी कुणी ओळीत चढलंय?"
बाई पहिल्यांदा हसल्या.
आकडा मात्र तसाच टेबलावर राहिला.

सोमवारी आड सोमवार आम्ही शेजारी शेजारी,
मी आणि बस्त्यांव, दोन खुर्च्या, दोन सळ्या, दोन बाटल्या.
त्याच्या सळीला एक बाटली जास्त.
त्याचं जनुक तपासलं, बाजू डावी निघाली;
ते औषध तिकडच्यांना लागू पडतं,
माझ्या बाजूला बहुधा नाही.
त्यानं तोंडभर पुरळ आलं त्याच्या.
आयुष्यभर पोयी भाजल्या ह्या माणसानं,
आता गालच पोयीसारखे, वरून कोंडा लावलेले.
नर्स म्हणाली, पुरळ चांगलं लक्षण, औषध काम करतंय.

रात्री मी आरशासमोर उभा राहिलो.
दिवा जवळ घेतला.
दाढी केलेला गुळगुळीत गाल,
एकही फोड नाही.
बासष्टाव्या वर्षी मी मुरमं मागत होतो देवाकडे,
आणि आरशातल्या माणसाची उजवी कूस
माझ्या उजवीकडेच होती.
आरसा फोटोसारखा फिरवत नाही.

बस्त्यांवला हे सांगितलं नाही.
त्याला कळलं असावं. पुढच्या सोमवारी
तोंडाला रुमाल बांधून आला,
म्हणाला, धूळ फार आहे रे.
बांबोळीच्या त्या थंड खोलीत, धूळ.

नदीचा काठ ओळखायचा
वाहत्या पाण्याकडे तोंड करून.
मांडवी समुद्राकडे जाते,
म्हणजे रायबंदर डावा, चोडण उजवा.
माझं घर उजव्या काठावर.
तिथेच जन्मलो, हेही कुणी मला विचारून ठरवलं नव्हतं.

काल उतारू म्हणून चढलो फेरीत.
नवा मास्तर पोरसवदा, उठून जागा देऊ लागला.
नको म्हटलं.
मधोमध बोट वळते, फळी पुढे यावी म्हणून,
तेव्हा क्षणभर उजवं डावं होतं.
मी कठडा धरून ते होऊ दिलं.
मग चोडणचा धक्का आला,
दोर पडला, आणि स्कूटरवाले
नेहमीसारखे ओळ मोडून सुटले.