दोन सूत

आलेखाच्या कागदावर मी काढलेली गाडी
चांगली आयताकृती होती.
हिंदुराव सुतारांनी कागद पालथा घातला,
त्यावर चहाचा ग्लास ठेवला
आणि म्हणाले, बाई, जिप्सीत काटकोन न्हाई.
एकबी न्हाई. बगून घ्या.

गोडोलीत त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये
मागची सीट निघालेली गाडी
पोट उघडं टाकून उभी:
चाकांवरचे दोन फुगवटे,
डावा उजव्यापेक्षा बोटभर पुढे.
आधीच्या मालकानं कुठंतरी आपटली असणार.
मी एकवीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली.
मला ते बघवेना.

त्यांनी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणला,
फुगवट्याला लावला, पेन्सिल फिरवली,
कापला, लावला, परत कापला,
पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला
शिंप्यानं कोट बेतावा तसा.
मग बारा एमेमचं मरीन प्लाय
मुकाट त्या पुठ्ठ्याच्या हुकमात.

डाव्या खणात काय?
स्टोव्ह, कुकर, मसूर, तांदूळ.
उजव्यात?
जॅक, पाना, दोरखंड, फावडं.
आणि चहापत्ती?
ती मी लिहिलीच नव्हती.
त्यांनी कानावरची पेन्सिल काढली
आणि माझ्या यादीच्या पहिल्या ओळीच्याही वर
डोक्यावर पदर द्यावा तशी ती लिहिली.

पहिल्याच रविवारी यवतेश्वरच्या घाटात
डावा खण मागच्या दाराला धडका देत राहिला.
कासला दार उघडलं तर तो थेट माझ्या पोटात,
मागोमाग सव्वा किलो मसूर.
बामणोलीकडं उतरताना पंक्चर.
चाक खड्ड्यात, गाडी तिरकी,
उजवा खण जाम
आणि जॅक त्याच्या आत.
एका दुधाच्या टेम्पोवाल्यानं स्वतःचा जॅक दिला,
वर विचारलं, एकट्याच का?
म्हटलं, खण आहेत ना दोन.

सोमवारी हिंदुराव काही बोलले नाहीत.
गाडीत मागं चढले, आडवे झाले,
प्लायला कान लावला.
चला. ठोसेघरच्या वाटंनं.
खड्डे चुकवू नका.

पासष्ट वर्षांचा माणूस
फळीवर पालथा, तोंडात खिळा,
आणि मी नेम धरून दगड गाठतेय.
ह्यो कण्हतोय त्यो डावा.
आता उजवं चाक चढवा. अजून. थांबा.
गाडी पिळतीया, बाई. पत्रा पिळला की खण आवळतो.
तुमी फिट्ट मागितलं, मी फिट्ट दिलं.
फिट्ट कपाटाला चालतं. कपाट कुठं जात न्हाई.
चालत्या वस्तूला दोन सूत सोडावं लागतं.

दोन सूत म्हणजे पाव इंच.
मी मनातल्या मनात
सहा पूर्णांक पस्तीस शतांश मिलिमीटर केलं.
तेवढ्यानं काय होतंय, असंही वाटलं.

त्यांनी दोन्ही खण रंधले.
कडेनं सायकलच्या ट्यूबची पट्टी,
तोंडाला जुन्या गोदरेज कपाटाची कडी.
बिल लग्नपत्रिकेच्या पाठीवर:
प्लाय, चॅनेल, स्क्रू, मजुरी.
त्याखाली, डाव्या चाकावरची तिकोनी जागा,
जिथं काहीच बसेना,
तिच्यापुढं शून्य रुपये,
आणि शून्याखाली दोन रेघा.

आता चाळकेवाडीच्या पठारावर आहे.
रात्रीचे साडेनऊ.
खणांवर गादी, गादीवर मी,
पाय पुरते पसरून दाराला टेकत नाहीत.
चहा झाला. पत्ती पहिल्या हाताला सापडली.
तिकोनी जागेत चष्मा ठेवलाय.

फोन आला.
वाजतंय का कायतरी?
नाही हो. अगदी गप्प.
ते थोडा वेळ ऐकत राहिले.
मग ते घूं-घूं काय?
म्हटलं, पवनचक्की आहे. डोक्यावर.
पुन्हा ऐकत राहिले,
फळीला कान लावल्यासारखे.

तिचं एक पातं ढिलं हाय, म्हणाले.
सांगा कुणालातरी.