करंगळीएवढी खाच

कणकुंबीच्या वरच्या अंगाला, जिथं भिंतीला ऊन
जेमतेम चार महिने, तिथं मी लाकडी घर काढलं.
लोक म्हणाले, सिमिटाचं बांध की बाई,
शहाणी हैस न्हवं?

मौनाप्पा बडिगेर खानापूरहून सातच्या बसनं यायचा.
पहिले दोन दिवस रंधा पिशवीतून काढलाच नाही.
एकेक खांब उलटासुलटा करून
बुंधा कुठला, शेंडा कुठला, खडूनं मांडत बसला.
"झाड उभं होतं तसंच उभं करायचं.
डोक्यावर माणूस तरी किती वेळ ऱ्हातो?"

खांबाखाली जांभ्याचा चिरा, चिऱ्यावर पत्र्याचा तुकडा,
बुंध्याच्या उघड्या तोंडाला काजूच्या टरफलाचं तेल, तीनदा.
"लाकूड अंगानं पाणी पीत नाही, बाई. तोंडानं पितं."

फळी आणि भिंत यांच्यात त्यानं बोटभर मोकळं सोडलं.
ही फट कधी बुजवणार, मी विचारलं.
"फट न्हवं ती. वाऱ्याची वाट."

चैत्र सरता सरता खिडक्या बसल्या.
मी आंब्याचा डहाळा बांधायला घेतला
तर हा तांब्या घेऊन हजर.
खिडकीच्या खालच्या फळीवर बारीक धार सोडली
आणि गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून,
तिच्या पोटाशी बघत राहिला.
थेंब कडेला आला. लोंबकळला.
पडायचं सोडून पोटाला चिकटून
मागं मागं सरकत भिंतीत शिरला.

"निल्लरी," म्हणाला.
आठही खिडक्या उतरल्या.

मी चिडले. पैशाचं बोलले, दिवसांचं बोलले,
नको ते, त्याच्या वयाचंही बोलले.
तो ऐकत असावा. हातात पटाशी होती.
प्रत्येक फळीच्या पोटाला, कुणाला दिसणार नाही तिथं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत
करंगळीएवढी खाच.
नऊ दिवस.

पुन्हा तांब्या.
थेंब खाचेपाशी आला, अडला, जाड झाला,
काहीतरी आठवल्यागत थांबला,
आणि सुटला.
खाली धुळीत एवढंसं भोक.
मौनाप्पा हसला, तेव्हा कळलं
त्याला समोरचे दोन दात नाहीत.

आता कुणी घर बघायला आलं की छताकडं बघतं,
कोरीव काम शोधतं. मी म्हणते, वाका जरा.
खालनं हात लावा.

हिशेबाचा कागद अजून डब्यात आहे.
खिळे, तेल, बसभाडं, सगळ्याचे आकडे.
शेवटची कन्नड ओळ मी अडखळत वाचली होती:
थेंबाची वाट, आठ नग.
पुढं रक्कम नाही. नुसती रेघ.