एकशे सत्तावीस दाते

उद्यमनगरात, दस्तगीर मिस्त्रींच्या जुन्या लेथचा
लीडस्क्रू इंचातला,
आणि गिऱ्हाइकाला आटे हवेत मिलिमीटरचे.
मधे एक चाक लागतं, एकशे सत्तावीस दात्यांचं.
"शंभराचं घालूया की," मी म्हणाले होते
आयटीआयमधून आल्याच्या पहिल्या आठवड्यात.
"पोरी, पाच इंच मोज."
मोजले. पट्टी उलटी केली.
एकशे सत्तावीस मिलिमीटर, केसभर इकडं न्हाई की तिकडं.
"दोन्ही मापांची गाठ इथं पडती," मिस्त्री म्हणाले,
"त्याच्या आधी कुठं न्हाई."

मार्चअखेरीला त्या चाकाचे तीन दाते उडाले.
इचलकरंजीच्या मागांचे स्पिंडल अर्धवट पडून राहिले.
डिव्हायडिंग हेडच्या तबकड्या काढल्या, पुसल्या,
भोकांच्या ओळी मोजल्या.
साठ दाते सांगा, बहात्तर सांगा, चहा यायच्या आत होतील;
त्या आकड्यांच्या घरी पाव्हण्यांची ये-जा,
दोन येतो, तीन येतो, चार जेवून जातो.
ह्याच्या दारात दोन उभा राहिला, परतला.
तीन, पाच, सात, तेही तसेच.
अकरानं कडी वाजवून बघितली.
पुढच्यांना हाक मारायची गरजच नव्हती.

आबा गुळाच्या सौद्यात तोलार.
रात्री त्यांच्या शेजारी बसून मी कागदावर वजनं मांडली,
सौद्यातली नव्हेत, माझी:
एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट.
सात वजनांत एक किलोपासून पुढची कुठलीही ढेप तोलता येते,
आणि एकशे सत्तावीसला
सातही पारड्यात, फळी रिकामी.
"आणि एक किलो जास्त भरली तर?" आबांनी विचारलं.
"तर नवं वजन विकत आणायचं."
"मग व्यापारी तेवढा गूळ फोडून खाईल," आबा म्हणाले
आणि झोपले.

मी जागी होते. एकेक वजन उचलून बघत होते.
एक काढलं, सव्वीसाशे नव्हे, एकशे सव्वीस उरले: भागतात.
दोन काढले: एकशे पंचवीस, पाचांच्या घरचे.
चार काढले, आठ काढले, सोळा, बत्तीस,
चौसष्ट काढले तर त्रेसष्ट.
प्रत्येक वेळी उरलेलं कुठंतरी फुटतंच.
पाचापासून एकशे पंचविसापर्यंत कुठलीही विषम संख्या घ्या,
एक तरी वजन असं सापडतं
की ते काढल्यावर अखंड काहीतरी उरतं.
हा पहिला हट्टी.

सकाळी आईची शिवणाची टेप न विचारता आणली.
पन्नास इंचांवर कात्री लावली,
दुसऱ्या बाजूनं बघितलं: एकशे सत्तावीस सेंटिमीटर.
मिस्त्री बघतच राहिले.
सुताराकडून प्लायची गोल थाळी आणली, तिच्याभोवती टेप गुंडाळली.
टोकांत तांदळाएवढी फट.
"ती फट शेवटच्या दात्यात निघंल," म्हणाले,
आणि रात्री साडेअकरापर्यंत थाळी कानशीनं घासत बसले,
मधूनच माझ्या हातात देत, मधूनच काढून घेत.

मग एका सेंटिमीटरला एक खाच.
काटा पुढं, कटर खाली, काटा पुढं.
सत्तराच्या आसपास मी मोजायचं सोडलं,
त्यांनी सोडलं नाही.
शेवटची खाच पडली. तिच्या आणि पहिलीच्या मधला दाता
बाकीच्यांसारखाच जाड होता.
मिस्त्रींनी त्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले,
"जा, आता आईचा ओरडा खा."

उरलेला तुकडा आईकडं आहे, तेवीस सेंटिमीटरचा.
त्यात ब्लाऊजचं कुठलंच माप बसत नाही,
फार तर मनगटाचं.
तेवीसलाही भाग जात नाही,
हे तिला अजून सांगितलेलं नाही.