उपयोगिता प्रमाणपत्र

दिल्लीचा दुसरा हप्ता येतो मार्चच्या एकोणतीसला
आणि एकतीसच्या आत संपवायचा असतो.
पाहुण्यानं चपला न काढता
जेवून जातो म्हणावं, तसं.

मी हिशेब विभागात बत्तीस वर्षं.
खंडवा रोड, तळमजला,
खिडकीतून एक निलगिरी आणि जनरेटर.
निर्वात म्हणजे काय, असं मी मोघेबाईंना विचारलं होतं.
म्हणाल्या, काही नसणं. पण अगदी खरोखर काही नसणं.
म्हटलं, बाई, ते आमच्या खात्यात
जूनपर्यंत असतंच.

त्यांचा प्रकल्प सोयाबीनच्या बियाण्याचा.
हवा काढलेल्या पेटीत, थंडीतच बी सुकवायचं,
म्हणजे ते गोदामात मरत नाही.
मंजूर रक्कम अठरा लाख चाळीस हजार.
पेटीच्या तोंडाचा फ्लँज तेवढा जर्मनीचा:
सहा लाख, सात महिने.
बाईंनी नकाशा गुंडाळला
आणि टेम्पोत बसून सांवेर रोडला गेल्या,
लियाकत खरादीकडे.
तो तोवर तेलघाण्याचे बुश कातायचा.
मिलिमीटरचा शंभरावा भाग ऐकून
त्यानं आधी चहा मागवला.
मग म्हणाला, हो जाएगा.

झालं नाही.
पहिला गळला, दुसरा गळला,
तिसऱ्याला रात्री दोनला तडा,
चौथा कशानं गेला ते त्यालाही कळलं नाही.
पाचव्यानं हवा धरली नाही, म्हणजे
बाहेरची आत येऊ दिली नाही.
(हे वाक्य बाईंनी माझ्याकडून तीनदा दुरुस्त करून घेतलं.)

ऑडिटचा आक्षेप आला:
चार नग वाया का गेले? खुलासा करावा.
मी लिहिलं, शिकण्यासाठी.
अमान्य.
मग लिहिलं, चाचणी नमुने.
मान्य.

त्या वर्षी पुढचा हप्ता आलाच नाही.
फाइल विचाराधीन, फोन उचलणारे रजेवर.
दुर्गा मुझाल्दा, सेंधव्याच्या पुढच्या फाल्यावरची,
पाच महिने शिष्यवृत्तीविना.
दिवसा दाणे मोजायची, संध्याकाळी
बिल्डरच्या दोन मुलांना गणित.
जिन्यात भेटली की एवढंच: मॅडम, आलं?
मी मान हलवायची.
सहाव्या महिन्यात जिन्यात नुसतीच हसली.
मी त्या दिवशी जेवले नाही.
याची नोंद कुठे नाही, आणि नसावीही.

आता ती बडवानीच्या कॉलेजात शिकवते.
वर्षातून एकदा एसटीभर पोरं घेऊन येते,
पेटीपाशी चपला काढायला लावते.
लियाकतकडे अकरा जण आहेत, त्यातले चार आयटीआयचे,
पुण्याची एक कंपनी त्याचे फ्लँज नेते.
बिलावर अठरा टक्के कर. तो दिल्लीला जातो.
कुणी कुणाला दिलं हे मांडायला बसले
तर माझ्या वहीत जमा आणि नावे
एकमेकांची पानं चोरतात.

निवृत्तीच्या आठवड्यात शेवटचं प्रमाणपत्र केलं.
मंजूर. प्राप्त. खर्च. शिल्लक:
चारशे सतरा रुपये,
दिल्लीला परत, ड्राफ्टनं.
ड्राफ्टचं कमिशन मी पर्समधून भरलं,
त्याला लेखाशीर्ष सापडेना.

टेबल आवरताना खणात एक पाकीट मिळालं.
दुर्गाचं अक्षर, सहा वर्षांपूर्वीची तारीख,
आत नऊ दाणे.
साधं सोयाबीन दुसऱ्या पावसाळ्यालाही थांबत नाही.
कान तुटलेल्या कपात माती घातली,
खिडकीत ठेवला, जनरेटरचा धूर लागणार नाही अशा बेतानं.

सात उगवले.
दोन अखर्चित.