एकोणीस भिंती

विमान अहमदाबादला उतरलं तेव्हा
पहाटेचे साडेतीन,
आणि बॅगांच्या पट्ट्यापाशीच
आमची गुप्त भाषा संपली.

दहा दिवस पोर्तुगालात
मराठी फक्त आम्हा तिघांची होती.
ट्राममधल्या बाईच्या टोपीबद्दल,
हॉटेलवाल्याने रंगवलेल्या केसांबद्दल
आम्ही मोकळ्या आवाजात बोलत होतो.
आत्याशी मराठी, आपसात गुजराती अशी ही भाचरं
तिथे भांडलीसुद्धा मराठीत,
क्रियापदं चुकवत, पण जीव तोडून.
इथे मागच्या काकांनी लगेच विचारलं,
"दांडिया बाजारातले का तुम्ही?"
आणि रेवाने हेडफोन कानांवर चढवला.

दादा म्हणाला होता, घेऊन जा,
पुढच्या वर्षी ती हाती लागायची नाही.
हाती तर ती तिथेही लागली नाही.
सतरा वर्षांची मुलगी
कायम दहा पावलं पुढे,
चौदाचा यशोधन कायम मागे,
कुठल्यातरी कॅफेच्या वायफायला चिकटलेला.
मधल्या रिकाम्या रस्त्यावर मी,
तीन पासपोर्ट पोटाशी बांधून.

यशोधनचा आवाज फुटतोय.
पोर्तोला, नदीच्या काठावर
अर्धं वाक्य दादाच्या आवाजात,
अर्धं बालवाडीतल्या:
"एवढी मोठी नदी, आणि एकही मगर नाही?"
विश्वामित्रीच्या पुलावरून शाळेत जाणाऱ्या पोराला
नदी म्हणजे खाली कुणीतरी पडून असणं.
मी हसले. तो नाही.
बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
दहा दिवसांत माझ्या शेजारी उभा राहिला
तो तेवढाच.

एक्सप्रेसवेवर दोघं टॅक्सीत झोपली,
तोंडं उघडी, गुडघे कुठेही.
माझ्या फोनवर रेवाने पाठवलेले फोटो उतरत होते.
चर्च, पूल, कस्टर्डच्या वाट्या,
माझा एक, डोळे मिटलेला.
आणि मग भिंती.
नुसत्या भिंती.
निळ्या टाइल्सची, पोपडे निघालेली,
एक बंद दार, एक गंजकी पत्रपेटी,
एक तर चक्क सिमेंटचा गिलावा.
नडियाद गेलं, आणंद गेलं.
मी मोजल्या. एकोणीस.
म्हटलं, काय बघत होती ही पोरगी?

टोलनाक्यावर फास्टॅग वाचेना म्हणून गाडी थांबली,
आणि मला ती पत्रपेटी आठवली.
चढावरच्या पायऱ्या, निम्म्याच झालेल्या,
जिथे माझा उजवा गुडघा म्हणाला, बास.
मी कठडा धरून
कुणाला दिसू नये अशा धापा टाकत होते,
आणि वर ती थांबली होती,
पाठमोरी, फोन उंच धरून.
मी पोचल्यावरच तिला हवा तो कोन मिळाला.
सगळ्याच भिंतींचा
तो तेव्हाच मिळाला होता.

बडोद्यात उजाडत होतं.
अमितनगरच्या चौकात बसमधून उतरलेली माणसं
चहाच्या गाडीभोवती, अजून अर्धी झोपेत.
यशोधन जागा झाला तो विचारतच,
सेव-उसळवाला किती वाजता उघडतो.

माझ्या बिल्डिंगला लिफ्ट नाही.
"तुम्ही जा घरी, बॅग मी नेते," मी म्हटलं.
रेवाने ऐकलंच नाही.
कानांवर हेडफोन, हातात माझी बॅग,
चढूही लागली, दहा पायऱ्या पुढे.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली.
तिथे काही नाही.
विजेचे आठ मीटर, हँडल नसलेली सायकल,
शहांकडचा दुधाच्या पिशव्यांचा डबा.
तिने फोन काढला.
मी एकेक पायरी,
मध्ये उगाच चपलेचा पट्टा नीट करत.

ती मीटरचा फोटो काढत होती.
"छान उजेड पडलाय त्यावर," मी म्हटलं.
"हं," ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता,
आणि अजून एक काढला.