तीन वेढे वरचे

कुमासीत, सुआमेच्या शेडमध्ये, पहिल्या दिवशी
मास्टर दाबोंनी माझ्या हातात पट्टी दिली, पक्कड नाही.
"आधी गाभा मोज, आफ्राकोमा.
जीभ किती रुंद? थर किती जाड?"
तीन सेंटीमीटर. तीन सेंटीमीटर. नऊ.
"पंचेचाळीसला नऊने भाग."
पाच.
"एका व्होल्टला पाच वेढे. झालं तुझं कॉलेज."

दोनशे तीस व्होल्ट, साडेअकराशे वेढे.
केसाएवढी तार, हाताचं चाक, ओठांत मोजणी.
चारशे बारावर मामे पोकुआ दारात:
"माझ्या केंकीच्या गाड्यावरचा दिवा कधी?"
"शुक्रवारी," म्हणाले,
आणि शुक्रवारने आकडा गिळला.
बारा की एकवीस?
मास्टर रागावले नाहीत. चाक उलटं फिरवून दाखवलं फक्त.
"सोडतानाही मोज."
निघाले चारशे एकोणीस.

पत्रे एकेक करून बसवले, इकडून, तिकडून.
प्रत्येकाच्या अंगावर वार्निशचा पापुद्रा.
टेकायचं, पण भिडायचं नाही;
नाहीतर लोखंडातच भोवरे फिरतात,
कमाई नुसती ऊब होऊन जाते.
एका चटईवर आम्ही तिघी बहिणी निजतो,
मधे मधे कापडाची घडी. हे मला लगेच कळलं.

दुसरी तार जाड. बारा व्होल्टला साठ वेढे,
वर तीन.
"तीन कशाला?"
"वाटेत सांडतं. घागर कधी
बरोबर मापाचीच भरून निघतेस का नळावरून?"

पण दोन तारा कुठेच जोडलेल्या नाहीत.
मी मीटर लावून पाहिलं, दोनदा पाहिलं.
"मग पलीकडे जातं कसं?"
मास्टरांनी टॉर्चचा सेल काढून दिला.
लावला: काटा दचकला, आणि निजला.
तसाच ठेवला: निजलेलाच.
काढला: पुन्हा दचकला, उलट्या अंगाला.
"बदलेल तेवढंच ओलांडतं," ते म्हणाले,
आणि चहा प्यायला गेले.

शुक्रवारी वीजच नव्हती.
आम्ही तिघं त्या पेटीभोवती बसून राहिलो,
मामेच्या पदराला सुक्या माशांचा वास.
सातला लाइट आली,
पेटीनं दात न उघडता गुणगुणायला सुरुवात केली.
काटा साडेबाराच्या जरा पुढे. दिवा जोडला. बारा.
सांडलं ते हेच, मला वाटलं.

मामेनं पेटीवर तळवा ठेवला,
आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
"कोमट आहे गं," म्हणाली. "ताप तर नाही ना?"