चौथा तास

पहिला तास बुडाला तो ट्रकमुळे.
हे खरं आहे, पावतीसुद्धा आहे,
कॅरिबूच्या गॅरेजची, तेलकट अंगठ्यासकट.
दुसरा आणि तिसरा बटाट्यांत गेले.
ऑक्टोबर लागला होता, पाला करपला होता,
मामाच्या यंत्रावर एक माणूस कमी होता,
आणि पट्ट्यावरचे दगड वेचून फेकायला
माझ्याइतके झरझर चालणारे हात
अख्ख्या व्हॅन ब्युरेनमध्ये नाहीत
असं मामा म्हणतो,
तासाचे सोळा डॉलर देताना.

चौथा मात्र
तीन बुडाले होते म्हणून बुडाला.

हे कसं लिहायचं पेल्कीबाईंना?
त्या मंगळवारी साडेसातलाच मी कॉलेजच्या आवारात होते.
गाडीत. हीटर चालू.
वर्गाची खिडकी दिसत होती,
खिडकीतला सांगाडा दिसत होता,
त्याच्या गळ्यात कुणीतरी मफलर गुंडाळलेला.
आठ वाजले. आठ वाजून दहा.
मी गाडी वळवली.
पाचवा, सहावा मग आपोआप गेले,
उताराला लागल्यासारखे.

रात्री लॅपटॉप उघडून बसायचे.
"पेल्कीबाई" आणि पुढे स्वल्पविराम.
स्वल्पविरामापुढे एक तर काहीच सुचायचं नाही
नाहीतर सगळंच:
ट्रक, मामा, दगड, आईची रात्रपाळी.
वाचून पाहिलं की वाटायचं
दुसऱ्याच कुणा मुलीसाठी वर्गणी गोळा करतेय.
पुसलं.
जोसेलिन म्हणाली, आजीला मार, सगळे मारतात.
माझी आजी दर गुरुवारी बोलिंग खेळते,
एकशे साठच्या खाली उतरत नाही.
तिला मारायला मन धजावेना.
एकदा नुसतं लिहिलं, "बरं नव्हतं."
ते काही खोटं नव्हतं.
तेही पुसलं.

शेवटी नोव्हेंबरात पायच घेऊन गेले.
दारावर कागद: बुधवार, दोन ते चार.
पावणेदोनपासून मी पाण्याच्या नळाशी उभी,
वाक्य घोकत,
"सांगायला उशीर झाला, पण"
आणि प्रत्येक वेळी त्या "पण"ला ठेचकाळत.
आत बाई उकडलेलं अंडं सोलत होत्या,
टरफलं एका बशीत, फार नीट.
मी तोंड उघडलं.
"ओडील सीर," त्या म्हणाल्या. "बस.
कुठपर्यंत आलं होतं तुझं?"

म्हटलं, ट्रक...

"ट्रक नाही. हाडं. हाडं कुठपर्यंत?"

खांद्यापर्यंत, मी म्हणाले.
कोपर ऐकून माहीत आहे.

त्यांनी खणातून तारेत ओवलेला प्लास्टिकचा हात काढला
आणि ओळख करून द्यावी तसा माझ्या हातात दिला.
"मनगटात आठ असतात. खड्यांसारखी दिसतात,
वेचता यायला हवीत.
चाचणीचे गुण परत मिळायचे नाहीत,
ते गेले. हाडं मिळतील."
आणि अंड्याला मीठ लावलं.

एवढंच.
माझी सबब कुणी मागितलीच नाही.
इतके दिवस घासूनपुसून ठेवलेली,
ती तशीच राहिली कोटाच्या खिशात
गॅरेजच्या पावतीशेजारी.
खरं सांगू? मला जरा रागच आला.
ऐकून तरी घ्यायचं होतं.

घरी निघाले तर चारलाच काळोख.
कॅरिबूच्या लाल दिव्याशी थांबले,
उजव्या अंगठ्याने डावं मनगट चाचपलं.
पाच सापडली. सहावं, बहुधा.
मागच्याने भोंगा वाजवला.

जेवण झाल्यावर बाईंना लिहिलं, दोन ओळी,
स्वल्पविरामाशी न अडता:
दोन हाडं सापडत नाहीत.
कुठे शोधू?

सहा मिनिटांत उत्तर आलं.
"अंगठ्याच्या बुडाशी दाब. जोरात.
गुरुवारी आठ."